एक केस म्हणजे किती

तळवड्याच्या आयटी पार्कात मी ज्या कंपनीत काम करते, ती लहान वर्कशॉपांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कोणता जॉब कोणत्या मशीनवर चढला, कधी उतरला, माप किती भरलं, याची नोंद ठेवायची एवढंच त्याचं काम. त्यात मापं बदलून देणारा एक छोटा कप्पा आहे. इंचाचे मिलिमीटर, पौंडाचे किलो वगैरे. तो कुणालाच नको होता म्हणून माझ्या गळ्यात पडला, आणि मला इतका आवडला की त्यात मी कुणी न मागितलेल्या गोष्टी भरायला लागले.

यादीच्या तळाशी 'इतर' असं लिहिलेलं आहे. ते उघडलं की माझा खजिना दिसतो. त्यात गाढवशक्ती आहे. तीन गाढवं मिळून साधारण एक अश्वशक्ती होते, आणि आमच्या ऑफिसात कामाची वाटणी बघता हा हिशोब मला आधीच ठाऊक होता. दाढी-सेकंद आहे, म्हणजे एका सेकंदात दाढी जेवढी वाढते तेवढी लांबी. 'दर पंधरवड्याला एक फर्लांग' असा एक वेग आहे. या वेगाने तळवड्याहून भोसरीला पोचायला दोनेक वर्षं लागतात, आणि संध्याकाळी सहा वाजता रस्त्यावर अडकलेल्या माणसाला त्यात विनोद दिसत नाही. ही सगळी कुठल्या कुठल्या रिकामटेकड्या हुशार माणसांनी गमतीने केलेली मापं आहेत. मला त्या माणसांचं भारी कौतुक वाटतं. मोजण्यासारखं सगळं मोजून झाल्यावर त्यांनी गंमतही मोजायला घेतली.

त्यांच्याखाली आपली जुनी मापं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आईकडून ही साखळी उतरवून घेताना मी लिहिता लिहिता थांबले होते. सगळी दुपटीची. कॉम्प्युटर ज्या दोनाच्या हिशोबावर चालतो, तो हिशोब आमच्या लातूरकडच्या बायका ज्वारी मोजताना करत होत्या. मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, हे वापरणार कोण? मी त्याच्याशी भांडले. माझा स्वभाव तसा तापट आहे आणि घाईचाही. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं. ही खोड आई लहानपणापासून सांगत आली आहे, आणि तिचंही वाक्य मी कधी पुरं होऊ दिलेलं नाही.

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने आमचं सॉफ्टवेअर घेतलं. बसवून द्यायला मी गेले. गुरुवारची सुट्टी संपून शुक्रवारी सकाळी मशिनी नुकत्या सुरू झाल्या होत्या. मालक भोसरी गावातल्याच जुन्या घरातले, बोलायला मोकळे. त्यांनी मला आधी ग्राइंडरपाशी नेलं.

ग्राइंडरवर चाचा होते. साठी उलटलेले, पांढरी दाढी, काळेवाडीहून रोज स्कूटरवर येणारे. तीस वर्षांहून जास्त काळ ते त्याच एका मशीनवर होते. मशीन जुनी विलायती, तिच्या चाकावरचे आकडे केव्हाच पुसले गेलेले. तिच्या लांबट लोहचुंबकी टेबलावर चाळीस पोलादी पट्ट्या एकदम मांडायच्या आणि फिरत्या दगडाखालून सगळ्या एकाच वेळी घासून काढायच्या, हे त्यांचं काम. अर्धा तास मी नुसती बघत उभी राहिले, आणि मी अर्धा तास गप्प उभी राहणं हीच मोठी गोष्ट आहे. दगड बोथट व्हायला लागला की पाठ फिरवून, नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं. पट्टी हातात घेतली की ती गरम किती आहे, थंड झाल्यावर किती आकसेल, हे ते बोटांनीच ठरवत. कोण किती पाण्यात आहे, हेही त्यांना माणूस बघितल्याबरोबर कळतं, असं मालक म्हणाले.

मग बाजूला घेऊन ते म्हणाले, "मॅडम, आमाला काम देणारी चाकणची कंपनी म्हणती, सगळं रेकॉर्ड स्क्रीनवर पायजे. चाचांना ते जमलं तर उत्तम. न्हाईतर ग्राइंडरवर दुसरा माणूस बसवावा लागंल. मला काय आवडतंय व्हय? पण काम हातचं जाईल."

म्हणजे चाचांची मशीन माझ्या स्क्रीनवर अवलंबून होती. मी लगेच कामाला लागले. पट्टी नव्या डिजिटल मायक्रोमीटरने मोजली की आकडा आपोआप स्क्रीनवर जायचा आणि अजून किती घासायचं ते दिसायचं. चाचांनी स्क्रीनकडे बघितलं. शून्य पूर्णांक, मग शून्य, मग आणखी काहीबाही.

"बेटा, हे राहू दे," ते म्हणाले. "केस किती राहिला ते सांगतो का हा?"

मला इतका आनंद झाला की विचारू नका. चाचांची स्वतःची चार मापं होती. सूत, कागद, केस आणि वास. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे कुठलाही सुतार सांगेल. कागद म्हणजे त्यांच्या खिशातला एक पातळ कागद, दगड टेकला की नाही ते बघायला ते वापरायचे. तो मी मोजून घेतला. वास म्हणजे दगड नुसता टेकल्यासारखा करायचा, केसाच्या चौथ्या भागाएवढा. ही मापं सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि स्क्रीनने चाचांशी त्यांच्याच शब्दांत बोलायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. 'हे वापरणार कोण' म्हणणाऱ्याला मनातल्या मनात मी चार गोष्टी सुनावल्याही.

चाचांना केसाबद्दल मी काही विचारलं नाही. केस म्हणजे केस, त्यात काय विचारायचं? तोवर एक वाजत आला आणि ते जुम्याच्या नमाजाला गेले. तासाभरात येतो म्हणाले. तासभर थांबेल ती मी कसली. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. मी माझ्याच डोक्याचा एक केस उपटला आणि मायक्रोमीटरमध्ये धरला. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले सहा. तीनदा मोजला, तिन्ही वेळा सहा. एक केस बरोबर सहा, असं भरून टाकलं. अगदी शास्त्रशुद्ध काम केल्याचं समाधान होतं मला.

चाचा परत आले. मी एक पट्टी मोजायला लावली. स्क्रीनवर आलं, 'अजून दोन केस'. ते खुद्कन हसले.

"हा आता आमच्यातला झाला," ते म्हणाले.

जाताना मालकांना मी एक सल्लाही दिला. चाचा एरवी घासता घासता दोन-तीनदा मशीन थांबवत, पट्टी काढून पुसत आणि स्वतःच्या जुन्या इंचवाल्या मायक्रोमीटरने मोजत. त्यात वेळ जायचा. आता स्क्रीन आहे, मधे थांबायची गरज नाही. सुरुवातीला एकदा मोजा आणि शेवटी एकदा. मालकांना ते पटलं.

शनिवारी दुपारी मालकांचा फोन आला. चाळीसच्या चाळीस पट्ट्या गेल्या. गेल्या म्हणजे जास्त घासल्या गेल्या, मापापेक्षा पातळ झाल्या. पट्टी जाड राहिली तर पुन्हा घासता येते. पातळ झाली की भंगार. मी स्कूटर काढून तशीच भोसरीला गेले. नोंदी उघडल्या. सकाळी घासायचं राहिलं होतं सहा शतांश. स्क्रीनने सांगितलं होतं, 'अजून एक केस'. चोख.

"माझ्याकडे सगळं बरोबर आहे," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले, चार माणसांत. "हे बघा, सहा म्हणजे एक. बरोबर आहे की. सॉफ्टवेअरमध्ये काही चूक नाही."

चाचा शेजारीच उभे होते. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मालकांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"चाचा, वय झालं आता," ते म्हणाले. "डोळ्याला ताण नको. पॅकिंग बघा तुमी."

"जी," चाचा म्हणाले. खिशातला कागद त्यांनी मशीनवर ठेवला आणि ते पॅकिंगच्या टेबलाकडे गेले.

रविवारभर माझं कशात लक्ष लागेना. तीस वर्षं ज्याचा हात चुकला नाही, त्याचा नेमका माझ्या स्क्रीनच्या पहिल्याच दिवशी कसा चुकला? सोमवारी सकाळी ऑफिसात खोटं कारण सांगून मी भोसरीला गेले. चाचा पट्ट्या तेलकट पिवळ्या कागदात गुंडाळत होते. घडी इतकी नेटकी की तीही मोजून घातल्यासारखी. मी त्यांच्याशेजारी स्टूल ओढलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"चाचा, तुमचा एक केस म्हणजे किती?"

ते हसले. हात पुसले. दाढीतून बोटं फिरवली, एक पांढरा केस हाती आला, तो त्यांनी जुन्या मायक्रोमीटरमध्ये धरला आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पाच. मिलिमीटरमध्ये आणलं तर माझ्या केसाच्या दुपटीहून थोडं जास्तच.

"तुझा डोक्याचा, बेटा. आमच्या उस्तादांनी दाढीचा शिकवला," ते म्हणाले. "त्यांची दाढी छातीपर्यंत. फणीत आलेला केस असाच धरून दाखवला मला, याला केस म्हणायचं."

माझ्या यादीत दाढी-सेकंद होता आणि दाढीचा केस नव्हता. चाचांनी सहाचा आकडा पाहिला असता तर त्यावर विश्वास ठेवला नसता. मशीन थांबवून स्वतः मोजलं असतं. मी त्यांना त्यांचाच शब्द दाखवला, म्हणून ते फसले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारीच. तू बरोबर हाय, बरोबर हाय म्हणत व्हतीस ना, तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या लोकांत तुला खोटी पाडू?" त्यांनी पुढची पट्टी उचलली. "आणि बेटा, चूक ज्याची, सांगायचं बी त्यानंच."

एवढंच ते बोलले. पुन्हा त्या विषयाकडे ते वळले नाहीत, मी निघेपर्यंत माझी, माझ्या आईची चौकशी करत राहिले, आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

त्याच दिवशी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलेही. मालक फोनवर होते, ते माझ्या पथ्यावर पडलं. ऑफिसात आल्यावर मी केसाचा आकडा गुपचूप दुरुस्त केला आणि बदलांच्या यादीत लिहिलं, 'रूपांतरात किरकोळ सुधारणा'. चाळीस पट्ट्या आणि एका माणसाची मशीन, आणि मी म्हणे किरकोळ. दुसऱ्यांच्या चुकांवर नाकाने कांदे सोलणारी मी, स्वतःची वेळ आली तेव्हा अशी निघाले. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मंगळवारी मीटिंग होती. बुधवारी डोकं दुखत होतं, खरंच दुखत होतं. गुरुवारी वर्कशॉप बंद. शुक्रवारी मी भोसरीपर्यंत गेले, ग्राइंडरवर दुसऱ्या माणसाला पाहिलं आणि स्क्रीनची तार तपासायला आले होते असं सांगून परत फिरले. चाचांनी लांबूनच हात वर केला. मी आमचं गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरत होते, नोकरी जाईल म्हणून घाबरत होते, आणि सगळ्यांत जास्त, चार माणसांत केलेला तो 'बरोबर आहे'चा गजर गिळावा लागेल म्हणून.

पुढच्या मंगळवारी मालकांनी स्वतःच बोलावलं. त्यांच्या ओळखीचे एक वर्कशॉपवाले चाकणहून आले होते, त्यांना आमचं सॉफ्टवेअर बघायचं होतं. पाहुण्यांना घेऊन मालक सगळीकडे फिरले आणि शेवटी पॅकिंगच्या टेबलाजवळ, स्क्रीनपाशी येऊन थांबले. दोन हातांवर चाचा खोक्याला टेप लावत होते.

"एक नंबर काम हाय मॅडमचं," मालक पाहुण्यांना सांगत होते. "आमच्या चाळीस पट्ट्या गेल्या राव मागं. पण मॅडमनी तिथंच उघडून दाखवलं. माणसाच्या डोळ्यानं दगा दिला, सॉफ्टवेअरनं न्हाई."

टेपचा आवाज थांबला नाही. चाचांनी मान वर केली असती, निदान एकदा माझ्याकडे बघितलं असतं, तर मी बहुतेक तेव्हाही गप्प बसले असते. ते खोकं बंद करत राहिले.

"दगा सॉफ्टवेअरने दिला," मी म्हणाले. "म्हणजे मी दिला. चाचांचा केस दाढीचा होता. मी न विचारता माझ्या डोक्याचा भरला. स्क्रीनने एक केस सांगितला, त्यांनी बरोबर एक केस घेतला. त्यांची काही चूक नाही. मधली मोजणीही मीच बंद करायला लावली."

मालक पाहुण्यांना सोडून माझ्याकडे वळले.

"हे तुमाला कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात, सोमवारी."

"आणि चाचांना?"

"त्यांना माझ्याआधी."

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा कधीतरी येतो म्हणाले. ते पुन्हा आले नाहीत. ऑफिसात मला जे ऐकावं लागलं ते माझ्या लायकीचंच होतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. नोकरी राहिली. त्यानंतर मी एक बदल मात्र जाहीरपणे केला. 'इतर'मध्ये कोणतंही नवं माप भरायचं असलं की आता एक जास्तीची चौकट येते आणि ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या चौकटीत विचारलेलं असतं, 'कोणाचं?' एका मामांचा कागद दुसऱ्या काकांच्या कागदापेक्षा जाड असतो, हे तेव्हापासून मला आठ-दहा वर्कशॉपांत दिसलं आहे. प्रत्येकाला मी आधी विचारते, आणि उत्तर संपेपर्यंत थांबते.

पण त्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. पाहुणे गेल्यावर मालक चाचांपुढे जाऊन उभे राहिले.

"चाचा, चुकलं माझं," ते म्हणाले. "चला मशीनवर."

चाचा लगेच उठले नाहीत. हातातलं खोकं पुरं केलं, त्यावर नंबर लिहिला, उरलेले पिवळे कागद एकावर एक लावून ठेवले. मग साबणाने हात धुतले. ग्राइंडरवरच्या माणसाने जागा करून दिली तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून दोन शब्द बोलले. टेबल पुसलं. एक एक पट्टी मांडायला लागले, बोटाने सरळ करत, मधे फट न ठेवता. असं काम करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि या माणसाला मी दहा दिवस खोकी बांधायला लावली होती.

मी जवळ गेले. डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

"चाचा, माफ करा."

"तू सांगणार हे मला ठाऊक व्हतं, बेटा," ते म्हणाले. पुढची पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली. "मी नुसते दिवस मोजत व्हतो."

"त्या सोमवारपासून आठ झाले," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "मी दोन धरले व्हते."